किल्ल्याचा सातबारा

लीलावतीबाईंना वाचता येऊ लागलं ते पन्नाशीत, आणि पहिला शब्द वाचला तो 'भोगवटादार'. कमळ, बदक, घर ही मंडळी मागाहून आली. घरात पुस्तक नव्हतं, पाटी नव्हती. होते ते चावडीतले बाद झालेले छापील कागद. नवरा भिकाजी गावचा कोतवाल. तीस वर्षं त्यानं दवंडी दिली, नोटिसा पोचवल्या, तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला नेलं आणि आणलं. कुठल्या जमिनीला किती वारस आणि कोण कुणाच्या बांधावर चढतो, हे तलाठ्याला वहीत बघावं लागे. भिकाजीला ते तोंडपाठ होतं. नोकरी संपल्यावर त्याचा वेळ जाईना. मग त्यानं बायकोला ओसरीवर बसवलं आणि जो कागद हाताला लागला त्यावर शिकवायला घेतलं. त्यामुळे बाईंना सातबारा आधी वाचता आला आणि बाराखडी नंतर सुटली.

भिकाजी गेल्यावर सहा वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, बाई तीन महिन्यांच्या व्हिसावर मस्कतला मुलाकडे आल्या. मुलगा अतुल बांधकाम कंपनीत इंजिनियर. सून रचना एका ऑफिसात कामाला. वादी अदाईत दुसऱ्या मजल्यावर घर. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर आणि खिडकी उघडली की समोर तांबूस, उघडाबोडका डोंगर, इतका जवळ की हात लावावा.

बघण्यासारखं होतं ते पहिल्या महिन्यातच बघून झालं. समुद्र झाला, बाजार झाला, मोठाले रस्ते झाले. पण बाई आल्या होत्या त्या नातीसाठी, आणि ते मात्र राहूनच चाललं होतं. नात दीप्ती बारा वर्षांची. पोरगी गुणी. पण मैत्रिणींशी बोले इंग्रजीत, आईबापाशी निम्म्या इंग्रजीत आणि आजीशी मोजून चार वाक्यं. आजी, चहा झाला. आजी, फोन आहे. आजी, जेवायला ये. आजी, गुड नाइट. मराठी बोलायचं तर ती आधी मनाशी जुळवाजुळव करी, आणि तोवर बोलायची वेळ निघून जाई. परतीचं तिकीट निघालं होतं. आठ दिवस उरले होते आणि बाईंचं नातीशी पोटभर बोलणं काही झालं नव्हतं.

खरं सांगायचं तर दीप्ती कुणाशीच फार बोलत नसे. आदल्या वर्षी शाळेच्या समारंभात ती स्टेजवर माइकपुढे उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि तिथंच थांबली. हॉलभर माणसं वाट बघत बसली. शेवटी एका शिक्षिकेनं येऊन तिला हाताला धरून खाली नेलं. तेव्हापासून चार माणसं समोर आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे.

त्या फेब्रुवारीत शाळेत 'जगातले किल्ले' असं प्रदर्शन ठरलं. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. वर्गातल्या इव्हान नावाच्या वसईच्या पोराला भारत निघाला, तर त्यानं सरळ वसईचाच किल्ला घेतला आणि थर्माकोल आणायला पळाला. दीप्तीला निघालं इंग्लंड. तिथला एक किल्ला निवडायचा आणि बांधल्यापासून आजपर्यंत तो कुणाकुणाच्या मालकीचा होता, याचा तक्ता करायचा. अतुलच्या ऑफिसात हार्टली नावाचे म्हातारे इंग्रज साहेब होते. त्यांच्या गावाजवळच हॅरोमिअर म्हणून एक पडका किल्ला होता. त्याची माहितीची बारकी पुस्तिका त्यांनी कपाटातून शोधून दिली.

इथवर सगळं ठीक होतं. पण प्रत्येक मुलानं आपल्या तक्त्यापाशी उभं राहून पाहुण्यांना तो समजावून सांगायचा, अशी अट होती. इतिहासाच्या जसिंता मिसनी दीप्तीला प्रेमानंच बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुला जड जात असेल तर इव्हान तुझ्या वतीनं बोलेल, तू नुसती छडी धरून नावं दाखव. दीप्ती 'येस मिस' म्हणाली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. रचनानं हे सासूला स्वयंपाकघरात सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. पोरीच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला दिल्यासारखं त्यांना वाटलं, पण इंग्लंडच्या किल्ल्यात आपण काय करणार?

बुधवारी जेवणं झाल्यावर अतुल पुस्तिका घेऊन बसला. दीप्तीला नावं उतरवायची होती, आणि आई नुसतीच बसली आहे म्हणून तो तिला मराठीत सांगत गेला. राजानं रॉजर नावाच्या सरदाराला जमीन दिली आणि किल्ला बांधायला परवानगी दिली.

"म्हंजी इनाम," बाई म्हणाल्या. "चाकरी काय व्हती त्याला?"

अतुलनं ओळीवरून बोट फिरवलं. वर्षातून चाळीस दिवस शिपाई घेऊन राजाच्या कामाला हजर राहायचं, असं होतं.

"मग वतनदारच की. आपल्या वाडवडलांना वर्साचं तीनशे पासष्ट दिवस व्हतं, आन् किल्ला काय कुणी दिला न्हाई."

अतुल हसला. रॉजरनंतर त्याचा मुलगा, मग नातू. नातू बंडात सामील झाला म्हणून राजानं किल्ला काढून घेतला. बाईंनी लगेच सांगितलं, सरकारजमा. पुढं दंड भरून घेतल्यावर परत दिला, तर बाई म्हणाल्या की असं आमच्याकडं तीन वेळा झालंय, आणि कुणाकुणाचं झालं त्यांची नावंही सांगितली. दीप्ती खाली मान घालून लिहीत होती, पण तिचे खांदे हलत होते. पोरगी हसत होती.

मग अतुल वाचत वाचत पुढं निघाला. त्याच घराण्यातल्या ह्यूकडून किल्ला सर गिल्बर्टकडे गेला.

"थांब. ह्यूच्या घरातनं गिल्बर्टच्या घरात कसा गेला?"

"लग्नानं. ह्यूला मुलगा नव्हता. मुलगी होती, तिनं गिल्बर्टशी लग्न केलं."

"पोरीचं नाव काय?"

अतुलनं पान उलटलं, परत सुलटं केलं. "दिलेलं नाही."

"नाव न्हाई आन् नोंद मंजूर झाली? सर्कलसायबानं तलाठ्याला उभा केला आसता."

"आई, सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती," रचना म्हणाली.

"मग सातशे वर्सं चूक तशीच चालू हाय म्हणायची."

दीप्तीनं मान वर करून आजीकडे बघितलं. काहीतरी विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण जुळवाजुळव होईपर्यंत अतुल पुढच्या मालकावर गेला होता. एकाचं डोकं उडवलं, एकानं लोकरीच्या व्यापाऱ्याला विकला, एका लढाईत तोफांनी भिंती पाडल्या, आणि एका उमरावानं तर किल्ल्याचे दगड काढून घोड्यांचा तबेला बांधला. सरतेशेवटी तो सरकारी खात्याकडे गेला. आता तिथं तिकीट काढून आत जातात. सगळी मिळून चौदा नावं झाली.

गुरुवार-शुक्रवार तिकडे सुट्टी. दोन दिवस खपून दीप्तीनं तक्ता केला. मोठा थोरला पांढरा कागद, वर किल्ल्याचं चित्र, खाली चौदा नावं ओळीनं, प्रत्येक नाव वेगळ्या रंगात, पुढं सालं. शुक्रवारी दुपारी एका ओळखीच्या घरी बारसं होतं, तिघं तिकडे गेली. बाईंचा गुडघा धरला होता, म्हणून त्या घरीच राहिल्या. जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरून ठेवला होता. घरात दुसरं कुणी नाही, टीव्हीवर काय बोलतात ते कळत नाही. बाई चष्मा लावून तक्त्यापाशी येऊन बसल्या.

इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते आणि नावांचा क्रम ऐकून ध्यानात होता. त्या बघत राहिल्या. अक्षर काय सुरेख, रंग काय सुरेख. पण जरा वेळानं त्यांना चैन पडेना. एका किल्ल्याला चौदा भोगवटादार, आणि सगळेच्या सगळे उघडे! कुणाचाच हक्क संपलेला नाही? असा उतारा चावडीत कुणी हातात धरला नसता. पोरीला कुणी सांगितलं नसणार. शाळेत साहेब लोक येणार, त्यांनी बोट ठेवलं म्हणजे?

भिकाजीनं शिकवलं होतं ते त्यांना पाठ होतं. ज्याचा हक्क संपला त्याचं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. खोडलं की माणूस जणू नव्हताच. कंस केला म्हणजे तो होता, त्यानं राबून खाल्लं, आणि आता दुसरा आला. आणि कुठल्या फेरफारानं, म्हणजे हक्कबदलाच्या कुठल्या नोंदीनं आला, त्याचा नंबर शेजारी गोलात घालायचा.

बाईंनी दीप्तीच्या डब्यातला काळा स्केचपेन घेतला. आधी वर्तमानपत्रावर गिरवून बघितलं. मग एकेका नावाला दोन्ही बाजूंनी कंस घातला, ठसठशीत. तेरा नावांना घातला. शेवटचं सरकारी खातं तेवढं मोकळं ठेवलं, कारण आजचा ताबा त्यांचा. गोल काढून त्यात एक, दोन, तीन असे आपल्या आकड्यांत नंबर टाकले. ह्यू आणि गिल्बर्ट यांच्यामध्ये बोटभर जागा होती. तिथं त्यांचा हात थांबला. मग त्यांनी आपल्या मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं: 'मुलगी. नाव लिहिले नाही.' काम पुरं झालं. बाईंनी स्वतःसाठी चहा टाकला आणि समाधानानं प्याल्या.

चार वाजता तिघं परत आली. अतुलनं टेबलाकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. मग त्यानं लेकीचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. रचना हळूच म्हणाली, "आई, विचारायचं तरी." दीप्ती तक्त्यापाशी उभी राहिली, मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, अगदी हळू. दार आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

अतुल गाडी काढून हमरियाच्या बाजारात नवीन कागद आणायला धावला. बाई दाराशी गेल्या. आपण काय केलं ते आता त्यांच्या ध्यानात आलं होतं. पोरीपाशी बोलायला धीर नव्हता, निदान दाखवायला देखणा कागद होता. तोही आपण घालवला. आठ दिवसांत आणखी काय जोडायचं होतं, तर जे होतं तेही तोडून बसलो.

"दीपू, चुकलं माझं," त्या दाराशी म्हणाल्या.

आतून आवाज आला. "उद्या इव्हान बोलेल. मी नाही."

बाईंनी दार ढकललं. दीप्ती पलंगावर पालथी पडली होती. बाई कडेला टेकल्या. समजूत काढली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. बऱ्याच वेळानं दीप्ती उठून बसली.

"तू का केली हे? सगळ्यांना ब्रॅकेट का?"

बाईंनी सांगितलं. कंस म्हणजे काय, खोडायचं का नाही, नंबर कशाचा. दीप्ती ऐकत होती. शब्द अडला की 'म्हणजे?' विचारत होती, आणि बाई तोच शब्द दुसऱ्या शब्दानं सांगत होत्या.

"म्हणजे रॉजर अजून आहे," दीप्ती म्हणाली. "पण ब्रॅकेटमध्ये."

"व्हय."

तिनं विचारलं, "आजोबा पण ब्रॅकेटमध्ये आहे?"

"हायेत की. आपल्या रानाच्या उताऱ्यावर. त्यांच्या नावाला कंस झाला तवा मी चावडीत उभी व्हते. खाली तलाठ्यानं माझं नाव लिवलं. मी म्हटलं, दावा जरा. मी वाचलं. पयल्यांदा माझं नाव मी सरकारी कागदावर वाचलं ते तिथं."

"तू रडली?"

"न्हाई. 'ली' ऱ्हस्व काढली व्हती त्यानं. म्या नीट करून घेतली."

दीप्ती हसली, आणि मग थांबलीच नाही. तिनं विचारलं, आजोबा दवंडी देताना काय ओरडायचे, तलाठी रागवायचा का, तुला शाळेत का नाही घातलं, मग ज्यांना घातलं ते कोण होते. मराठी मोडकं होतं, ती झाला-झाली करत होती, मध्येच इंग्रजी शब्द घुसडत होती, पण आता जुळवाजुळव करायला थांबत नव्हती. बाईंनी विचारलं ते सगळं सांगितलं. चावडीची पायरी सांगितली, जिच्यावर सासऱ्याला, भिकाजीच्या आधी हेच काम करणाऱ्याला, चढू देत नसत. तो दप्तर डोक्यावर वाहायचा आणि पायरीखाली उभा राहायचा. दीप्ती म्हणाली, "पण सगळी नावं त्याच्या डोक्यावर होती." बाईंनी असा विचार कधी केला नव्हता.

बोलत बोलत दोघी टेबलापाशी आल्या. दीप्तीनं आजीनं लिहिलेली ओळ बोट ठेवून वाचली. मुल-गी. नाव लि-हि-ले नाही.

"मला हिचं नाव पाहिजे," ती म्हणाली.

अतुल अजून आला नव्हता. दीप्तीनं फोनजवळची डायरी उघडली, हार्टलीसाहेबांचा घरचा नंबर काढला आणि लावला. रचना स्वयंपाकघराच्या दारात हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. ही पोरगी घरी आलेला फोनसुद्धा उचलून दुसऱ्याच्या हातात देत असे. दीप्ती इंग्रजीत बोलली, दोनदा अडखळली, पुन्हा बोलली आणि फोन ठेवला. साहेबांकडे त्यांच्या जिल्ह्याचा एक जाडजूड इतिहास होता, ते बघून सांगणार होते. आणि ते म्हणाले होते की ही पुस्तिका मी वीस वेळा वाचली असेल, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही.

अर्ध्या तासानं फोन आला. दीप्ती ऐकत होती आणि कागदावर लिहीत होती, डोळे मोठे होत चालले होते. फोन ठेवून ती आजीकडे वळली.

"अ‍ॅव्हिस. तिचं नाव अ‍ॅव्हिस. बाबा मेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गिल्बर्टशी लग्न केलं, तो मेला. मग दुसरा, तो मेला. मग तिसरा."

"त्योबी?"

"तो पण. मग राजा म्हणाला, चौथं लग्न कर. ती म्हणाली नाही. राजाला दंड भरला आणि एकटी राहिली. एकेचाळीस वर्षं किल्ला तिच्याकडे होता, आजी. रॉजर फक्त बारा वर्षं."

बाईंनी हातावर हात मारला. "एकेचाळीस वर्सं ताबा तिचा, आन् नाव गिल्बर्टाचं. बघ बाई. आमच्याकडंबी बायांची नावं अशीच 'इतर हक्कां'च्या रकान्यात ढकलत्यात, विहिरीच्या आन् वाटेच्या रांगंत."

दीप्तीनं काळा स्केचपेन उचलला. आजीच्या ओळीशेजारी तिला नाव मराठीतच लिहायचं होतं. अ वर चंद्र कसा द्यायचा ते तिला आठवेना, बाईंनी हवेत बोट फिरवून दाखवला. अक्षर वाकडं आलं. त्याला दोघींनी मिळून कंस घातला, एक बाजू एकीनं, दुसरी बाजू दुसरीनं.

तेवढ्यात अतुल आला. हमरियातली सगळी दुकानं त्यानं पालथी घातली होती. नंदू म्हणून रत्नागिरीचा एक दुकानदार होता, त्यानं सांगितलं होतं की शाळेच्या पोरांनी सगळे मोठे कागद उचलले, आता माल रविवारी, इन्शाल्ला. अतुलच्या हातात दोन लहान गुलाबी कागद होते. त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. तक्ता हाच न्यायचा ठरलं. उद्या बोलणार कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि दीप्तीनंही सांगितलं नाही.

शनिवारी दहा वाजता ऑफिसातून येऊन अतुलनं आईला शाळेत सोडलं आणि तो परत कामावर गेला. हॉल मुलांनी आणि किल्ल्यांनी भरला होता. कुणी मातीचा केला होता, कुणी साबणाचा. इव्हानच्या वसईच्या किल्ल्याला तर खरं पाणी सोडलं होतं आणि ते टेबलावरून खाली गळत होतं. जसिंता मिसनी बाईंना नमस्कार केला, बाईंनी जयभीम म्हटलं. मिस मूळच्या वसईच्या. मराठीत बोलायला मिळालं म्हणून त्यांनाही बरं वाटलं. त्यांनी बाईंना दीप्तीच्या तक्त्याजवळ खुर्ची दिली, तक्त्याकडे बघितलं आणि जरा गोंधळल्या. पण पाहुणे आले होते, बोलायला वेळ नव्हता.

पाहुणे तिघं होते. मुख्याध्यापक, एक पालक बाई आणि एक वृद्ध ओमानी गृहस्थ, पांढरा पायघोळ झगा, डोक्याला नक्षीची टोपी. त्यांचं नाव महमूद. इब्री शहराकडच्या एका लहान किल्ल्याची देखभाल त्यांच्याकडे असते, असं मिस कानात सांगून गेल्या. ते एकेका टेबलाशी थांबत, सगळं ऐकून घेत.

ते दीप्तीपाशी आले. इव्हान शेजारी तयार उभा होता, त्याच्या हातात टाचणाचा कागद होता. दीप्तीनं छडी उचलली. तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. इव्हाननं मिसकडे बघितलं, मिसनी मान हलवायला घेतली.

तेवढ्यात महमूद पुढं वाकले आणि एका कंसावर बोट ठेवून त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईंना शब्द कळले नाहीत, पण बोट कळलं. जसिंता मिस त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, त्या कानाशी म्हणाल्या, "विचारतायत, हे काय आहे, चूक झालीय का."

दीप्तीनं आजीकडे बघितलं. नुसतं 'येस सर' म्हटलं की सुटका होती. इव्हाननं पुढचं सांभाळलं असतं. चूक आजीची, पोरीवर काही आलं नसतं.

"नो सर," दीप्ती म्हणाली. हे बाईंना मिसच्या मदतीशिवाय समजलं.

आणि मग ती बोलायला लागली. आधी हळू, खाली बघत. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण मिस जमेल तसं सांगत होत्या. "म्हणते, माझ्या आजीच्या गावात नाव खोडत नाहीत... म्हणते, ही सगळी माणसं होती, म्हणून त्यांना हात लावायचा नाही, फक्त भिंत घालायची दोन बाजूंनी... आता रॉजरबद्दल सांगते... म्हणते, त्याला चाळीसच दिवस काम होतं, आमच्या पणजोबांना वर्षभर होतं." मिस थांबल्या आणि त्यांनी बाईंकडे बघितलं. "हे तुम्ही सांगितलंत?"

"म्या तिच्या बापाला सांगितलं," बाई म्हणाल्या. "ती लिवत बसली व्हती."

दीप्ती अ‍ॅव्हिसपर्यंत आली तेव्हा छडी हातात तलवारीसारखी फिरत होती. एक नवरा गेला, दोन गेले. तिसरा गेला तेव्हा पालक बाईंनी तोंडाला रुमाल लावला. एकेचाळीस वर्षं, दीप्तीनं बोटांनी दाखवलं, आणि बोटं पुरली नाहीत म्हणून इव्हानची घेतली. महमूद मोठ्यानं हसले. त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि मिस बाईंना म्हणाल्या, "म्हणतात, आमच्याकडच्या बुरुजालाही माझ्या आजोबांचं नाव आहे. पण दगड वाहणारी माणसं होती ती आजीच्या माहेरची. घरी आई हेच सांगत आली, आम्ही कुणी कानावर घेतलं नाही."

मग महमूदांनी बाईंकडे वळून एक प्रश्न विचारला. मिस सांगायला पुढं होणार, तोच दीप्ती टेबलाला वळसा घालून आजीजवळ आली.

"आजी, ते विचारते, दोन माणसं म्हणाली की जमीन माझी, तर तुझ्या गावात कोण ठरवतो?"

"कागद ठरवतो म्हणावं. आन् कागद नसंल तर गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला सगळ्यांच्या जल्मा-लग्नांचं ठावं आसतं."

दीप्तीनं ते इंग्रजीत सांगितलं. महमूदांनी छातीवर हात ठेवून बाईंना मान लववली आणि परत काही विचारलं, दीप्तीनं परत मराठीत आणलं. असं पाच-सहा वेळा इकडून तिकडे झालं. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ बघितलं. बाकीच्या टेबलांवरची मुलं मान लांब करून बघू लागली.

बक्षीस इव्हानच्या पाण्याला मिळालं. दीप्तीला कळलंसुद्धा नसावं, कारण तोपर्यंत तिच्यापुढं पाचवीचा एक अख्खा वर्ग येऊन बसला होता आणि तिनं पुन्हा राजापासून सुरुवात केली होती. त्यांच्यानंतर दोन शिक्षिका आल्या, मग शाळेच्या बसचे ड्रायव्हर आले. इव्हान आपला किल्ला सोडून इथंच उभा होता, बोटं लागली की द्यायला.

जसिंता मिसनी बाईंना सामोसा आणि चहा आणून दिला. बाई खुर्चीत आरामात रेलून बसल्या. चौथ्या खेपेपर्यंत त्यांना इंग्रजी न येताही सगळं समजायला लागलं होतं. ही रॉजरची जागा, हे बंड, हा तबेला. अ‍ॅव्हिस आली की सगळे हसतात, हेही पाठ झालं. पण या खेपेला दीप्ती तिथं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं राजाशी भांडण केलं, आवाज बदलून राजाचं उत्तरही दिलं, आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिस पुटपुटल्या, "हे त्या पुस्तकात आहे?"

"नसंल," बाई म्हणाल्या आणि सामोशाचा कोपरा मोडला. "पर तिला बोलू द्या."